पर्जन्यमापक: उघडीप पडली की न थांबणारा थ्रेड

माझ्या पर्जन्यमापकाचा पायथन प्रोग्राम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो आणि त्यात वाचक, लेखक व नोंदी पुढे पाठवणारा अपलोडर असे तीन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे आहेत. थांबवायला सांगूनही तो कधीकधी थांबत नसे; मागच्या नोंदीत जिच्याविषयी वैतागून लिहिले होते ती ही अडचण अखेर सुटली आणि दोष निघाला तो केवळ दोन ओळींच्या क्रमात. पाऊस चालू असताना ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ ही थांबवण्याची आज्ञा दिली की प्रोग्राम झटकन थांबत असे. उघडीप असली की मात्र तो अधूनमधून अडकून राही आणि ९० सेकंदांची मुदत संपल्यावर लिनक्सवर प्रोग्राम चालवणारी-थांबवणारी सिस्टमडी त्याला सिगकिल (तत्काळ मारण्याचा संकेत) देऊन संपवत असे. पावसाने भरली की कलणारी मापकातील वाटी कलली तरच आर्डुइनो हा छोटा नियंत्रक एक ओळ पाठवतो, हे ध्यानात घेतले की निम्मा उलगडा होतो, कारण वाचक थ्रेड सीरियल पोर्टवर (आर्डुइनोच्या ओळी येतात त्या जोडणीवर) पुढच्या ओळीची वाट पाहत असतो आणि कोरड्या दुपारी ती तासन्तास येत नाही.

यात नुकसान होते ते नोंदींचे. लेखक थ्रेड २० नोंदी साठल्या की एकदम कमिट करतो, म्हणजे एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये कायमच्या लिहितो. सिगकिलमुळे एसक्यूलाइटची फाइल बिघडत नाही, पण कमिट न झालेल्या नोंदी जातात. एका कलण्याला ०.२ मिलीमीटर धरले, तर १९ नोंदी म्हणजे ३.८ मिलीमीटर पाऊस, आणि तोही नुकत्याच ओसरलेल्या सरीचा.

पायथनमध्ये थ्रेड बाहेरून मारण्याची सोय नाही, आणि ती नाही हेच बरे. थ्रेड ‘डीमन’ केला, म्हणजे त्याच्यासाठी थांबायचे नाही असे ठरवले, तर प्रोग्राम अडत नाही, पण हातातले काम तसेच टाकून तो थ्रेड नाहीसा होतो; हा उपाय मला केर कोपऱ्यात लोटण्यासारखा वाटतो. दुसऱ्या थ्रेडमधून पोर्ट बंद केल्याने लिनक्सवर अडकलेला वाचक जागा होईलच, असा भरवसा नसतो. म्हणून मी पायसीरियल या सीरियल पोर्ट हाताळणाऱ्या लायब्ररीचे ‘कॅन्सल_रीड’ वापरले. वाचक आत ‘सिलेक्ट’ या वाट पाहणाऱ्या कॉलमध्ये पोर्ट आणि एक पाइप (प्रोग्रामच्या आतली निरोपाची नळी) अशा दोहोंवर लक्ष ठेवून असतो, ‘कॅन्सल_रीड’ त्या पाइपमध्ये एक बाइट टाकून त्याला उठवते.

तरीही दहातून एखाद्या वेळी तो अडकत असेच. येथे ‘फॉल्टहँडलर’ने हात दिला. पायथनबरोबरच येणारे हे साधन जितके वापरले जायला हवे तितके वापरले जात नाही, असे माझे मत आहे. सिगयूएसआर१ हा संकेत पाठवताच त्याने सगळ्या थ्रेडचे स्टॅक, म्हणजे कोण कोणत्या ओळीवर आहे ते, सिस्टमडीच्या जर्नल या नोंदवहीत छापले आणि वाचक पुन्हा ‘सिलेक्ट’मध्येच बसलेला दिसला. म्हणजे तो उठला होता, पण ‘थांबा’चा इव्हेंट (सगळ्या थ्रेडना दिसणारी खूण) अजून लागलेला न दिसल्याने परत वाचायला गेला होता. मी आधी त्याला जागे करत होतो आणि थांबायचे आहे हे मागाहून सांगत होतो! खात्रीसाठी त्या दोन ओळींमध्ये अर्ध्या सेकंदाची झोप घातली, तेव्हा प्रोग्राम प्रत्येक वेळी अडकला. इतक्या आनंदाने मी यापूर्वी कधी प्रोग्राम अडकताना पाहिला नव्हता.

आता आधी इव्हेंट लागतो आणि मग ‘कॅन्सल_रीड’ होते. त्या क्षणी वाचक ‘सिलेक्ट’मध्ये नसला तरी बाइट पाइपमध्ये पडून राहतो आणि पुढचे वाचन लगेच परतते, त्यामुळे निरोप हरवत नाही. मात्र असे परतताना अर्धी ओळ हाती येऊ शकते, म्हणून शेवटी नवी-ओळ चिन्ह नसलेली ओळ मी टाकून देतो. पोर्टला एका सेकंदाचा टाइमआउट देणे हा मार्गही वाईट नाही, पण अर्ध्या ओळीचा प्रश्न तेथेही असतोच.

बाकीचे सोपे होते. वाचकाला ‘जॉइन’ केल्यानंतरच, म्हणजे तो संपेपर्यंत थांबूनच, नोंदी लेखकाकडे नेणाऱ्या क्यूमध्ये ‘नन’ हा रिकामा निरोप टाकायचा. लेखक तो दिसेपर्यंतच्या नोंदी कमिट करतो आणि एसक्यूलाइटचे कनेक्शन स्वतःच बंद करतो, कारण मूळ मांडणीत ते उघडणाऱ्या थ्रेडबाहेर वापरता येत नाही. पायथन ३.१३ मध्ये क्यूला ‘शटडाउन’ आले आहे, पण माझ्या रास्पबेरी पायवर अजून ३.११ आहे. अपलोडरमधील ३०० सेकंदांच्या ‘स्लीप’ऐवजी इव्हेंट लागताच संपणारे त्याचे ‘वेट’ घालायचे ठरवले होते.

पण हे लिहिता लिहिता वाटू लागले आहे की अपलोडर थ्रेड मुळात हवाच कशाला? त्याला लागते ते सारे डेटाबेसमध्येच असते, तेव्हा सिस्टमडीच्या टायमरवर चालणारी वेगळी छोटी स्क्रिप्ट पुरेल आणि थांबवायचा एक थ्रेड कमी होईल. रविवारी अपलोडरच काढून टाकतो. वाटीचे कॅलिब्रेशन पुन्हा पुढे ढकलले आहे.