नागाओकाची पांढरी आतषबाजी आणि माझं एडिटिंग

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जपानमधल्या नागाओका शहरात राहायला जागा शोधू नका, मिळत नाही. मिळालीच तर दर बघून लॅपटॉप बंद करावासा वाटतो. आम्ही निइगाता शहरात राहिलो आणि शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ये-जा केली. टोकियोहून थेट गेलं तर जोएत्सु शिंकान्सेनने पावणेदोन तासांच्या आतच पोचता, पण रात्री परत फिरायचं म्हणजे स्टेशनबाहेरची ती रांग, आणि रांगेबद्दल जपान्यांचं कितीही कौतुक केलं तरी पाय आपलेच दुखतात. टोकियोबद्दल काही लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय.

बहुतेक लोक इथे 2 आणि 3 ऑगस्टला येतात, शिनानो नदीवरची मोठी आतषबाजी तेव्हाच असते. मावसभाऊ तिकडेच नोकरीला आहे, तो म्हणाला, "दादा, तू एक तारखेलाच ये, नाहीतर नुसती रोषणाई बघून जाशील." मला वाटलं एक तारखेला काहीतरी ट्रायल वगैरे असेल. गाडीत त्याने सांगितलं तेव्हा कळलं. 1 ऑगस्ट 1945 ला रात्री साडेदहाला अमेरिकेची बी-29 विमानं या शहरावर आली, 1,480 हून जास्त माणसं गेली, शहराचा बहुतेक भाग जळून गेला आणि महायुद्ध संपायला तेव्हा दोन आठवडेच उरले होते. आता दरवर्षी त्याच रात्री, त्याच वेळेला देवळांमधल्या घंटा वाजतात आणि नदीवर पांढरे गोळे उडवतात, फक्त तीन. नाव शिरागिकु, म्हणजे पांढरी शेवंती.

संध्याकाळी काकिगावा नावाच्या छोट्या नदीत कागदी दिवे सोडतात ते बघितलं. मग शिनानोच्या काठावर ट्रायपॉड लावून बसलो. फार गर्दी नव्हती. साडेदहा होत आले तसे बसलेले लोक उभे राहायला लागले, कोणी सांगितलं नाही काही नाही, आपापले उठले, शेजारच्या आजोबांनी टोपी काढून काखेत धरली. लांबून घंटेचा आवाज येत होता. मग एक बारीक रेघ वर गेली, अगदी आवाजाशिवाय, आणि वर पांढरं फूल उमललं आणि तरीही आवाज नाही, कारण आम्ही लांब होतो आणि आवाज सेकंदाला 340 मीटरच चालतो. फूल जवळजवळ विझत आल्यावर तो धडाका छातीवर येऊन आदळला. मला एकदम वाटलं की त्या रात्री लोकांनी हाच क्रम बघितला असणार, आधी उजेड मग आवाज, आणि अंगावर काटा आला. दुसरं फूल पहिल्याच्या धुराला आतून उजळवत फुटलं. तिसरं झालं आणि संपलं. टाळी नाही, शिट्टी नाही. काही जण हात जोडून उभे होते. आपल्याकडे आतषबाजी म्हटली की आरडाओरडा आलाच, त्यामुळे हे पचायलाच मला वेळ लागला, आणि एवढ्या सगळ्यात हातातलं रिमोटचं बटण दाबणं-सोडणं चालूच होतं याचं थोडं विचित्रही वाटलं.

आता फोटोचं बोलतो, कारण खरी कटकट तिथे आहे. आतषबाजीत शटर किती वेळ उघडं ठेवलं यावर रेघांची लांबी आणि आकाशाचा काळेपणा ठरतो, रेघांचा उजेड ठरतो ॲपर्चरवर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान), कारण ठिणगी हलत असते, एका जागी थांबतच नाही. त्यामुळे आयएसओ 100, बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), फोकस लांबच्या दिव्यावर मॅन्युअली लावून रिंगवर चिकटपट्टी, लॉंग एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन बंद (नाहीतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःशी विचार करत बसतो आणि पुढचा गोळा जातो). इथपर्यंत कोणीही सांगेल. रंगीत गोळ्याला एफ 8 ते 11 चालतं. पण पांढऱ्यात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असलं काहीतरी जळतं, ते भयंकर प्रखर. मी एफ 16 ठेवला होता.

दोन तारखेला उलटं जग. अख्खा काठ भरलेला. तीन शाकुचा (शाकु म्हणजे जपानी फूट) गोळा बघितला, 90 सेंटीमीटर व्यासाचा आणि 300 किलोचा, आकाशात 600 मीटर वर जाऊन साधारण 650 मीटर पसरतो. माझ्या फ्रेमला तो वरून कापला गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. फिनिक्स नावाचा प्रकार 2004 च्या भूकंपानंतर, 2005 पासून सुरू झाला, तो नदीलगत जवळपास दोन किलोमीटर पसरतो, तो कुठल्याही लेन्समध्ये नीट मावत नाही, उगाच खर्च करू नका. शेजारी एक काका काळं मखमल चिकटवलेला पुठ्ठा घेऊन बसले होते. शटर उघडं, पुठ्ठा लेन्ससमोर, गोळा वर जायला लागला की पुठ्ठा बाजूला, फुटून झाला की परत समोर, मधला धूर आणि फालतू उजेड आत येतच नाही. हात इतका अलगद हलायचा की मी आकाश सोडून त्यांच्याकडेच बघत होतो. कार्यक्रम संपल्यावर हजारो लोकांनी मोबाइलचे दिवे हलवून गोळे उडवणाऱ्या कारागिरांना धन्यवाद दिले आणि पलीकडच्या काठावरून त्यांनीही लाल दिवे हलवले. हे मात्र फार आवडलं.

घरी आल्यावर एडिटिंगला बसलो आणि त्या तीन पांढऱ्या फुलांनी डोकं खाल्लं. प्रॉब्लेम असा की फोटोत कुठलाही रंग जास्त एक्स्पोज झाला की तो मधोमध पांढराच होतो. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, सगळे जळाले की पांढरे, फक्त कडेला रंगाची किनार उरते. मग हे फूल मुळातच पांढरं आहे, जळलेला फोटो नाही, हे बघणाऱ्याला कळणार कसं? हायलाइट खाली आणत आणत एकेका पाकळीत राखाडी छटा दिसायला लागल्या, टोकाशी ठिणगी बारीक होत विझते ते दिसायला लागलं, तेव्हा कुठे ते पांढरं वाटलं. ऑटो व्हाइट बॅलन्सने पुलावरच्या पिवळ्या दिव्यांकडे बघून फूल निळं करून टाकलं होतं. ते मॅन्युअली ठरवलं आणि शहराच्या दिव्यांना वेगळा मास्क दिला. डीहेझ थोडं वाढवलं की धूर जातो खरा, पण आकाश जांभळं आणि दाणेदार होतं, आणि दुसऱ्या फुलाने उजळलेला पहिल्याचा धूर हीच तर त्या फोटोतली जान होती, म्हणून डीहेझ शून्यावर.

भाऊ म्हणाला, तिन्ही फ्रेम लायटन मोडमध्ये (प्रत्येक फ्रेममधलं उजळ तेवढंच राहतं) एकावर एक टाक, मस्त गुच्छ होईल. होतोही, दोन मिनिटांचं काम, दोन तारखेच्या फोटोंत मी बिनधास्त केलंय. पण एक तारखेच्या आकाशात तीन फुलं एकत्र कधी नव्हतीच, एक विझल्यावरच दुसरं येत होतं. तिथे माझा हात गेला नाही. हा गोळा ज्यांनी बनवला ते कासे सेइजी युद्धानंतर सायबेरियात सोव्हिएत कैदेत होते, तिथे मेलेल्या सोबत्यांसाठी त्यांनी हे पांढरं फूल केलं. 2015 मध्ये तेच शिरागिकु पर्ल हार्बरवर उडवलं, आणि पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची योजना करणारे ॲडमिरल यामामोटो नागाओकाचेच. एवढं वाचल्यावर गुच्छ कोण करणार.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मामांचं उत्तर, "कलर प्रिंट नाही का काढली?" मी म्हटलं, मामा, हा कलरच आहे. त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली आतेबहिणीने कुठल्यातरी ॲपमध्ये घालून गुलाबी-जांभळा करून परत टाकला, त्याला सतरा बदाम आले. फिनिक्सच्या फाइल अजून उघडल्यासुद्धा नाहीत, आता त्या आधी तिलाच पाठवतो.