नेकार्सुल्म ते नॉर्डश्लाइफ: जुनी पोर्शे ९४४ घेऊन दोन दिवस

बॉनेटवर बिल्ला पोर्शेचा असला तरी ९४४ जुळली ती नेकार्सुल्मच्या आउडी कारखान्यात, १९८२ ते १९९१ या काळात. नव्याने उभी केलेली ९४४ पहिल्यांदा लांब न्यायची, तर माहेराहून निघणं बरं, शिवाय रस्ताही सोपा आहे. ए ६ या महामार्गाने हॉकेनहाइमपर्यंत, तिथून ए ६१ धरून उत्तरेला, वेअरच्या फाट्यावर उतरून बी ४१२ ने आयफेलच्या डोंगरात. न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत (नॉर्डश्लाइफ हा त्याचाच जुना डोंगरी भाग) अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर होतात. गाडी १९८६ ची, अडीच लिटरची, टर्बो नसलेली, १६३ अश्वशक्तीची. जर्मनीत नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना जाहिरातीत अशी ९४४ दिसते आणि किंमत बघून हात शिवशिवतात. त्यांनी आधी पुढचा मजकूर वाचावा, कारण गाडीच्या किमतीइतका खर्च नंतर सहज होतो.

तो खर्च कोणत्या क्रमाने करायचा, यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण चाकं, स्प्रिंगा आणि सीटपासून सुरू करतात. आमच्या मते पहिला पैसा इंजिनाच्या तोंडाशी घालावा.

तिथे दोन दातेरी पट्टे आहेत. एक टायमिंग बेल्ट, तो कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि पाण्याचा पंप फिरवतो. दुसरा बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर मारणाऱ्या दांड्यांचा, दोन्ही बाजूंनी दाते असलेला. टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. बॅलन्सचा पट्टा तुटला तर वरवर फक्त थरथर वाढते, पण त्याच्या चिंध्या टायमिंग बेल्टमध्ये अडकल्या की परिणाम तोच. म्हणून दोन्ही एकदम बदलायचे, आणि झाकण उघडलंच आहे तर रोलर, पाण्याचा पंप, क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं सील, कॅमचं सील आणि बॅलन्स शाफ्टची सीलंही. जुनं सील ठेवून नवा पट्टा चढवणं ही खोटी काटकसर. गळणारं तेल पट्ट्यावर पडतं आणि रबर फुगून सहा महिन्यांत काम पुन्हा करावं लागतं.

खूण जुळवताना घाई नको. क्लचच्या आवरणाला छोटी खिडकी आहे, तिच्यातून फ्लायव्हीलवर ‘ओटी’ ही अक्षरं दिसतात. जर्मनमध्ये तो वरचा मृतबिंदू, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. ती खूण समोर, कॅमची खूण समोर, मगच पट्टा काढायचा. फ्लायव्हीलचे दाते अडवून धरल्याशिवाय क्रँकचा बोल्ट सुटत नाही आणि बसतही नाही; त्याला २१० न्यूटनमीटर लागतात. इंजिन हाताने फिरवायचं ते याच बोल्टवरून. कॅमच्या बोल्टवर पाना लावून फिरवाल तर पट्टा दात सोडेल. सगळं बसल्यावर घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण वेढे द्या आणि खुणा पुन्हा बघा. बॅलन्स शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. एकाची खूण अर्ध्या वेढ्याने चुकली, तर गाडी सुरू होईल, पळेलही, पण स्टिअरिंग पिठाच्या गिरणीसारखं हलेल. ताण मोजायचा तो थंड इंजिनावर. घट्ट पट्टा किंचाळतो आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो. सैल पट्टा दात सोडतो. नवा पट्टा दीड-दोन हजार किलोमीटरांत ताणतो, तेव्हा पुन्हा तपासायचा. आम्ही हे किलोमीटर रिंगच्या आधीच गावात आणि ऑटोबानवर पुरे केले होते. तुम्हीही करा.

दुसरं काम तेलाचं, आणि ट्रॅकवर ९४४ मरते ती याच्यामुळे. एकाच बाजूच्या लांब वळणात तेल तळपात्रात एका कडेला जातं, उपसणारी नळी हवा ओढते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग सगळ्यात आधी जातं. उपाय म्हणजे तळपात्रात आडवे पडदे बसवणं. त्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) खाली घ्यावा लागतो, इंजिन वरून टांगून. इतकं उघडलं की रॉडची बेअरिंगं आणि त्यांचे नट-बोल्ट नवे घालायचे, शिवाय उपसणाऱ्या नळीचे जोड भिंगाखाली तपासायचे. तिथे तडा असतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तळपात्राचे बोल्ट ८ न्यूटनमीटरला आवळतात. हाताच्या अंदाजाने जोर लावला तर गॅस्केट बाहेर फुगतं आणि आठवड्यात ठिबकायला लागतं. तेल २०डब्ल्यू-५०, सुमारे ६ लिटर. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेशी ठेवायची. ‘दोन खुणांच्या मध्ये आहे, चालेल’ हे ट्रॅकवर चालत नाही.

कूलंटच्या बाटलीत चॉकलेटी साय दिसली तर घाबरून हेड उतरवू नका. ९४४ मध्ये तेल थंड करणारा कूलर इंजिनाला चिकटून, पाण्याच्या सान्निध्यात बसतो. त्याची सीलं म्हातारी झाली की तेल पाण्यात जातं. आधी ती बदला.

इंजिनवरच्या पेट्रोलच्या रबरी नळ्यांना तडे असतील तर बाकीचं सगळं थांबवून त्या बदला. ही गाडी पेटते ती तिथून. इंजिनचे माउंट दबलेले असतात, एक्झॉस्टकडचा उष्णतेने आधी दबतो. क्लचच्या मधलं रबर फाटलं की गाडी अचानक पुढे जाईनाशी होते. गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलपाशी असल्यामुळे क्लचसाठी मागचं सगळं सोडवावं लागतं, म्हणजे गॅरेजमध्ये आठवडा गेलाच. विकत घेतानाच विचारा, मूळचा रबरी क्लच आहे की नंतरचा स्प्रिंगांचा.

पत्र्याची चिंता मात्र कमी. शरीर दोन्ही बाजूंनी जस्ताने मढवलेलं आहे. तरी सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) मागच्या टोकाला बोटाने दाबून बघाच, आणि मागची काच चौकटीपासून सुटली आहे का तेही.

कागदपत्रांचंही थोडं. ३० वर्षांपुढची गाडी मूळ स्थितीत असेल तर एच-नंबरप्लेट (जुन्या गाड्यांची खास पाटी) मिळते. वर्षाचा कर १९१.७३ युरो, इंजिन कितीही मोठं असो. पण चाकं, स्प्रिंगा, स्टिअरिंग बदललंत तर त्याची नोंद कागदावर हवी आणि बदल त्या काळाला शोभणारा हवा. रिंगच्या आसपास पोलीस हेच तपासतात. मूळ कागद सोबत ठेवा, मोबाइलवरचा फोटो पुरत नाही.

पहिल्या दिवशी ए ६१ वर फक्त दोन काटे बघायचे होते. तेलाच्या दाबाचं घड्याळ ५ बारपर्यंतच आहे. गरम इंजिनावर, चालत्या गतीला काटा ४ च्या वर हवा. तापमानाचा काटा चढून पंखा लागला की पुन्हा खाली येतो, ही त्याची सवय. चढून तिथेच राहिला तर हवा अडकली आहे. हेडजवळ पाण्याच्या तोंडावर हवा काढायचा स्क्रू आहे. हीटर पूर्ण उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत तिथून हवा काढायची. पेट्रोल सुपर प्लस, ९८ ऑक्टेन. १६३ अश्वशक्तीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.६ आहे, त्याला ९५ सोसत नाही. ई-१० च्या (दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) पंपाकडे जाऊच नका.

संध्याकाळी गाडी ट्रॅकशेजारच्या आडेनाउ गावात उभी करून ब्र्युनशेन या वळणापाशी जावं. बी ४१२ ला लागूनच वाहनतळ आहे आणि कुंपणापलीकडे ट्रॅक. तासभर उभं राहिलं तरी कळतं, की वेगात जाणारे उशिरा आत वळतात आणि भिंतीला लागणारे लवकर.

नॉर्डश्लाइफ १९२७ चा, लांबी २०.८ किलोमीटर, चढउतार सुमारे ३०० मीटरचा. आपल्याकडच्या वाचकाला सांगायचं तर एकेरी वाहतुकीचा वरंध घाट समजा, कडेला दरीऐवजी लोखंडी कठडा. सर्वसामान्यांना फिरता येतं त्या वेळेत तो टोल भरून जायचा रस्ताच असतो, जर्मनीचे वाहतुकीचे नियम लागू. ओव्हरटेक डावीकडूनच. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर द्या आणि उजवीकडेच राहा. वेळ मोजायला आणि कॅमेरा लावायला मनाई आहे. भाड्याची गाडी घेऊन येण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. विम्याची अट आधी वाचा, बऱ्याच पॉलिसी इथे लागू होत नाहीत. कठडा वाकवलात तर त्याचं बिल दर मीटरच्या हिशेबाने येतं, ट्रॅक बंद राहिल्याचं वेगळं, गाडी ओढून नेण्याचं वेगळं. उघडण्याच्या वेळा रोज बदलतात, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. शनिवार-रविवार टाळून आठवड्यातली संध्याकाळ घ्या.

ड्योटिंगर ह्योहेला, ट्रॅकवर शिरायच्या फाटकापाशी, गाडी रिकामी करा. पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू नका, ब्रेकच्या पेडलखाली घरंगळते. चाकांचे नट १३० न्यूटनमीटर, सॉकेट १९ चं. नट ॲल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे आतून प्लास्टिक असलेलं सॉकेट घ्या. हवा थंड टायरमध्ये पुढे २.०, मागे २.५ बार.

पहिली फेरी इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर तापवण्यासाठी. हात्सेनबाखची डावी-उजवी वळणं ९४४ ला आवडतात. गिअरबॉक्स मागे असल्याने वजन पुढे-मागे जवळपास समान आहे आणि गाडी दोरीवर चालल्यासारखी वळते. फ्लुगप्लाट्सच्या चढावर ती हलकी होते, तिथे स्टिअरिंग सरळ हवं. श्वेडनक्रॉइत्स वेगात येतं आणि लगेच आरेमबेर्गला जोरात ब्रेक लागतो. फुक्सरोअरेच्या तळाशी गाडी दबते, मग चढ, आणि चढाच्या माथ्यावर आडेनाउअर फोर्स्ट. हे वळण आधी दिसतच नाही, नवखे सरळ गवतात जातात. तिथे पाट्या बघून नाही, पाठांतराने ब्रेक मारायचा.

खरी परीक्षा वेअरझाइफेनपासून ब्राइडशाइडपर्यंतच्या उतारावर. साध्या ९४४ चे कॅलिपर (चकतीवर पॅड दाबणारे चिमटे) एकाच पिस्टनचे आणि सरकते. टर्बोला चार पिस्टनचे ब्रेम्बो होते, ते इथे नाहीत. या उतारावर पेडल आधी लांब होतं आणि मग मऊ. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, उकळतं आणि वाफ दाबली जाते, पॅड नाही. म्हणून आदल्या आठवड्यात ब्रेकचं नवं डॉट ४ तेल भरा. एक लिटर पुरतं. नळ्यांतली हवा काढताना उजवं मागचं चाक आधी, मग डावं मागचं, उजवं पुढचं, शेवटी डावं पुढचं. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून बसवा, नाहीतर पॅड तिरका झिजतो. रबरी नळ्या जुन्या असतील तर आतून फुगलेल्या असतात आणि ब्रेक सोडल्यावरही चाक धरून ठेवतात.

बेर्गवेर्कनंतर केसेलशेनचा लांब चढ. इथे १६३ अश्वशक्ती किती कमी आहे ते समजतं आणि आरसा भरून जातो. सरळ उजवीकडे राहायचं. कारुसेलच्या काँक्रीटच्या खळगीत उतरलात तर पुढचा बॉल जॉइंट आणि चाक धरणारी ॲल्युमिनियमची आर्म दणका खातात. गाडी खाली बसवलेली असेल तर जॉइंटची पिन आधीच टोकाला गेलेली असते, ती तुटते. नव्या आर्म किंवा नव्याने बांधलेले जॉइंट नसतील, तर खळगीत न उतरता वरच्या कडेने जा. लाज वाटायचं कारण नाही.

गाल्गेनकोफनंतर पाय हलका करा. सरळ रस्त्यावरच ब्रेक थंड होतात. बाहेर आल्यावर गिअरमध्ये उभी करा, पेडलवरून पाय काढा आणि बॉनेट उघडा. पाच-दहा मिनिटांनी तेल बघा, गाडीखाली वाकून बघा, पेडल दाबून बघा. मऊ लागलं तर पुन्हा ब्लीड केल्याशिवाय (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्याशिवाय) आत जाऊ नका. दोन फेऱ्यांनंतर अर्धा तास विश्रांती हा हिशेब गाडीला मानवतो.

ट्रॅकवर काही गळायला लागलं तर फाटकापर्यंत पोचवू या असा विचार करू नका. लगेच कडेला घ्या, धोक्याचे दिवे (चारही इंडिकेटर) लावा, कठड्यापलीकडे जा आणि ट्रॅकच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो आधीच मोबाइलमध्ये ठेवलेला असावा. तुमच्या तेलावरून पुढचा घसरला, तर जबाबदारी तुमची.

सोबत न्यायच्या गोष्टींत डीएमई रिले (इंजिनाच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) पहिला. जुन्या रिलेचे झाळलेले जोड सुटतात, गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते. दुसरा रिले नसेल तर सॉकेटमधल्या ३०, ८७ आणि ८७बी या जागा वायरने जोडून घरी जाता येतं. पण तेव्हा पेट्रोल पंप सतत चालतो, म्हणून हा उपाय फक्त घरी जाण्यापुरता. रिले बदलूनही सुरू होत नसेल, तर स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा बघा. तो जरासुद्धा हलला नाही तर क्लचच्या आवरणावरच्या सेन्सरचा प्लग तुटलेला असणार. त्याचं प्लास्टिक बिस्किटासारखं चुरतं.

घरी आल्यावर तेल आणि फिल्टर बदलायचा. फिल्टर कापून कागदाची घडी उन्हात धरा. चकाकणारे बारीक कण दिसले तर रॉडची बेअरिंगं पुन्हा उघडायची, पुढच्या सहलीची तारीख ठरवण्याआधी.