सायबाक तरी खंय बोट गावली?

2024 च्या नोव्हेंबरात सावंतवाडीहून ओल्ड गोव्याला चालत निघालो तेव्हा माझ्या खिशात पासपोर्ट होता. उगाच नव्हता आणला, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, शवाच्या पेटीसमोर धरून एकदाच मागायचं होतं की आता तरी कर काहीतरी. दोन वर्षं गल्फचा व्हिसा आज येतो उद्या येतो करत गेली, एजंटकडे अडीच लाख अडकले, बायकोच्या बांगड्या गहाण, आणि शेवटी त्याचा फोनच बंद. मी चर्चमध्ये मिस्साला (रविवारच्या प्रार्थनेला) जायचंही सोडलं होतं. देवावर राग वगैरे नाही, फक्त त्याच्याशी बोलायला काही उरलंच नव्हतं.

सायबाचं दहा वर्षांनी येणारं शवप्रदर्शन होतं, 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी, त्यामुळे वाडीतून बरीच माणसं निघालेली. साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर. पहाटे तीनला निघालो, बांदा, पत्रादेवी, धारगळ, हायवेला ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे आणि मधेच कोणीतरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू करायचं की मागचे सगळे त्या लयीत पाय टाकायचे. कोलवाळच्या पुलापर्यंत माझ्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. आमच्यात सत्तरीची एक मावशी होती, तिने मला खाली बसवलं, पिशवीतून सुई-दोरा काढला, सुई मेणबत्तीवर धरली आणि फोडातून आरपार दोरा ओवून तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी हळूहळू झिरपून जातं आणि कातडी निघत नाही. हे करता करता तिने विचारलं, "काय रे झिला, तोंड असा कित्याक पाडलं?"

का कोण जाणे, तिला सगळं सांगून टाकलं. घरच्यांनाही एवढं सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "अरे, सायबाक तरी खंय बोट गावली?" म्हणजे सायबाला तरी कुठे बोट मिळाली?

लहानपणापासून सायबाचं 3 डिसेंबरचं फेस्त (सण) करतोय पण हे असं कधी डोक्यात आलंच नव्हतं. गोंयचो सायब म्हणजे आमच्यासाठी चमत्कार करणारा, नवस पावणारा. आणि खरं काय झालं तर 1552 मध्ये तो चीनच्या किनाऱ्याजवळ सांचान बेटावर बसून होता, चीनमध्ये परक्या माणसाला बंदी, एका चिनी व्यापाऱ्याने मिऱ्यांच्या बदल्यात गुपचूप चीनमधल्या कॅन्टन शहरात सोडतो म्हणून शब्द दिलेला. तो व्यापारी आलाच नाही. सायब रोज समुद्राकडे बघायचा, मग ताप भरला आणि झोपडीतच वारला, वय 46, जवळ फक्त अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती पोरगा. चीनमध्ये ख्रिस्ताचा धर्म सांगायला एवढ्या लांब आला आणि ते काम अर्धवटच!

रात्री म्हापशाच्या अलीकडे एका चॅपेलच्या मांडवात झोपलो, तिथे कोणीतरी बायबलमधला लूकचा 24वा अध्याय वाचला, अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य. येशू मेला, सगळं संपलं म्हणून तोंड पाडून घरी निघालेत आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगतात की आम्हाला आशा होती. हा 'होती' मला इतका ओळखीचा वाटला की पोटात कालवलं. आणि ज्याला हे सांगतायत तो येशूच आहे, एवढा वेळ त्यांच्याबरोबर चालतोय, त्यांना दिसत नाहीये एवढंच. मी अंधारात बराच वेळ रडलो. खूप दिवसांनी प्रार्थना केली, शब्द कसलेच नव्हते, नुसता पडून होतो.

दुसऱ्या दिवशी पर्वरी, मांडवीचा पूल, मग रायबंदरचा तो जुना रस्ता, एका बाजूला मांडवी आणि दुसरीकडे मिठागरं. बरोबरच्या एका शिकलेल्या पोराला मी सायबाचं पुढे काय झालं ते विचारत होतो. तो म्हणाला, ज्या वर्षी सायब गेला त्याच वर्षी, दोनच महिने आधी, इटलीत मात्तेओ रिची जन्मला, तोच पुढे धर्मगुरू होऊन 1583 मध्ये चीनमध्ये शिरला आणि 1601 मध्ये पेकिंगला (आताच्या बीजिंगला) पोचला. म्हणजे सायब बेटावर वाट बघत होता तेव्हा त्याचं काम पुढे नेणारं पोर पाळण्यात होतं! मी रस्त्यातच थांबलो. हे सायबाला कळायची काही सोयच नव्हती. आणि वर तो पोरगा म्हणतो, सायबाच्या हाताचं एक हाड आज चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमध्ये आहे. पोचला म्हणायचा.

से कॅथेड्रलच्या रांगेत तास गेले. आत पोचलो तर पेटीसमोर जेमतेम चार-पाच सेकंद मिळतात, स्वयंसेवक हाताने पुढे चला करतात. काचेतून ते सुकलेले पाय दिसले, किती चालले असतील ते. खिशात हात घातला, पासपोर्ट हाताला लागला, पण काढला नाही. म्हटलं, सायबा, वाट बघायला शिकव, तुझ्यासारखी. एवढंच सुचलं आणि तेच मला पाहिजे होतं.

बाहेर फेस्ताच्या स्टॉलवरून अर्धा किलो खाजं घेतलं. बायकोचा फोन आला, "मागितलंस ना व्हिसाचं?" नाही म्हटलं. ती काही क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, रविवारी मिस्साला आपण तिघंही जाऊया. मावशी शेजारी चपला काढून बसली होती, तिला खाजं दिलं, तिने अर्धं पदराला बांधलं नातवासाठी.