थव्याला पत्ता नसतो, पण कायदा असतो

जर्मनीच्या नागरी संहितेत घर, जमीन, लग्न, वारसा यांच्या गर्दीत मधमाश्यांसाठी चार कलमं राखून ठेवली आहेत: 961 ते 964. संहिता लागू झाली 1900 साली. पेटीतून थवा उडाला आणि मालक ताबडतोब त्याच्या मागे निघाला नाही, किंवा अर्ध्या वाटेत नाद सोडून बसला, तर तो थवा बेवारस. मागे धावणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या आवारात शिरायची मुभा आहे. नुकसान झालं तर भरून द्यायचं. वेगवेगळ्या मालकांचे थवे हवेतच एकमेकांत मिसळले, तर मागे धावलेले सगळे भागीदार! बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आमच्या वाईच्या भावकीला हे कलम फार आवडेल.

ही कलमं मला एका मधपाळ बाईंनी ऐकवली, आमच्याच अंगणात. म्युनिकच्या सेंडलिंग भागात आमची इमारत आहे. मागे सामाईक अंगण, सायकली, कचऱ्याचे डबे आणि सफरचंदाचं एक झाड. मे महिन्यात एका उन्हाच्या दुपारी अंगणभर घोंघाव सुरू झाला आणि थोड्या वेळात सगळं त्या झाडाच्या फांदीवर शांत झालं. कलिंगडाएवढा तपकिरी घड लोंबकळत होता. तळमजल्यावरच्या आजींनी पटापट खिडक्या लावल्या. एका शेजाऱ्याने पाण्याचा पाइप ओढत आणला.

मला घाम फुटला होता. मोहोळ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आग्याच येतं. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "पोळं कुठाय गं? नुसत्या बसल्यात त्या. कुणी धूर-बीर करू नका, जातील."

आई बरोबर होती. पोळं नव्हतंच. वसंतात वसाहत भरभराटीला आली की ती फुटते: जुनी राणीमाशी हजारो कामकऱ्यांना घेऊन बाहेर पडते आणि भरलेलं घर मागे वाढणाऱ्या नव्या राणीला सोडते. निघताना प्रत्येक माशी पोटभर मध घेते. राखायला पिल्लं नाहीत, साठा नाही, म्हणून या वेळी त्या सहसा डंख मारत नाहीत. मधमाशी सर्वांत सौम्य असते ती नेमकी याच वेळी, आणि माणसं पाइप घेऊन धावतात तीही याच वेळी. अर्थात चार दिवस पाऊस लागून उपाशी राहिलेला थवा चिडका होतो, आणि डंखाची ॲलर्जी असलेल्यांनी लांबच राहावं.

फांदी हा फक्त मुक्काम. तिथून शेकडो वाटाड्या माशा घर शोधायला जातात: झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, बंद पडलेली चिमणी. परत येऊन थव्याच्या पाठीवर नाचत जागेची दिशा आणि अंतर सांगतात. जागा जितकी चांगली, तितका नाच जास्त वेळ. हे ज्यांनी उलगडलं ते मार्टिन लिंडाउअर याच म्युनिकमधले, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांचे विद्यार्थी. 1949 च्या वसंतात, बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या या शहरात त्यांना थव्यावर मळलेल्या माशा नाचताना दिसल्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल. फुलांवरून आलेली माशी अशी दिसत नाही. त्या पडक्या घरांमधल्या जागा बघून आल्या होत्या! पुढे लिंडाउअर उडत्या थव्यांखालून रस्त्यारस्त्याने पळाले आणि नाचातून वाचलेला पत्ता खरा ठरतो का, ते त्यांनी तपासलं. म्युनिकविषयी इतक्या गोष्टी ऐकल्यात, पण ही मला सगळ्यात आवडते.

इथे गावोगावी मधपाळांच्या संघटना आहेत आणि थवा पकडणाऱ्यांचे फोन नंबर त्यांच्याकडे मिळतात. आमच्याकडे साठीच्या एक बाई सायकलवरून आल्या. पहिला प्रश्न: "कुणी मागे धावत आलं होतं का?" नव्हतं. मग घडावर पाण्याचा बारीक फवारा मारला, खाली खोकं धरलं आणि फांदीला एकच जोराचा हिसका दिला. खोकं चादरीवर उलटं ठेवून एक कड दगडाने उचलली. काही माशा फटीशी शेपूट वर करून पंख हलवू लागल्या. हा वास सोडून बाकीच्यांना बोलावणं. राणी आत आहे, याचीच ती खूण. बाहेर गेलेल्या वाटाड्या परत याव्यात म्हणून खोकं संध्याकाळपर्यंत तिथेच होतं. मग ते थेट बाईंच्या थंड, अंधाऱ्या तळघरात गेलं. तिथे दोनेक रात्री काढल्या की थवा नव्या पेटीत मुकाट राहतो. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पकडायचं तरी कशाला, जाऊ द्या की रानात, असं मलाही वाटलं. बाईंनी व्हरोआचं नाव घेतलं. हा गोचिडीसारखा बारीक परजीवी कोळी मूळचा आशियातल्या मधमाशीवरचा, आपल्या सातेरीच्या जातीवरचा. त्या माशीला त्याच्याशी जुळवून घेता येतं. युरोपातल्या माशीला येत नाही. जर्मनीत तो 1977 मध्ये पोचला आणि तेव्हापासून उपचाराविना राहिलेल्या वसाहती बहुतेक मरतातच. थव्यात पिल्लांची बंद घरं नसतात, त्यामुळे लपायला जागा न मिळालेले सगळे कोळी माश्यांच्या अंगावरच असतात. त्या वेळी ऑक्झॅलिक आम्ल फवारलं तर चांगलंच लागू पडतं.

यातलं काहीही आग्या मोहोळावर करून बघू नका, हे मात्र गावाकडच्यांना बजावून सांगते. तिथे पोळं असतं, पिल्लं असतात, आणि माशी मैलभर पाठलाग करते की काय असं वाटायला लावते. किल्ल्यावर, लेण्यांत मोहोळाखाली शेकोटी, अत्तर, आरडाओरडा काही नको. पण रात्री पलिते लावून मोहोळ जाळणंही नको. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं, तिकडे सातेरीला पेटीत सांभाळणारी माणसं भेटतील. आधी अशा कुणाला तरी विचारा.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "मध किती दिला त्या बाईंनी?"

थव्याचा मध पोटात असतो, त्यावर त्या नव्या घरात मेण गाळतात, हे मी तिला सगळं समजावलं.

"मग मेण तरी मागायचंस."