आप्पांचा भरोसा

आज भाच्याच्या नव्या गाडीतून जळगावहून धुळ्याला गेलो. पारोळ्याच्या पुढे त्याने बटण दाबलं, अन् स्टिअरिंग आपोआप हललं. मागून आप्पा ओरडले, “हात ठेव रे भो! मना भरोसा नही!” हेच आप्पा तरुणपणी केळीच्या ट्रकच्या टपावर झोपून दिल्लीला गेलेले. हेल्मेट आजही डिकीत. स्वतः पत्करलेल्या धोक्याची त्यांना भीती नाही. यंत्राने पत्करलेला चालत नाही. भाचा उलट! अमेरिकेत फिनिक्स शहरात २०२० पासून बिनड्रायव्हरची टॅक्सी सर्वांसाठी सुरू आहे, म्हणून इथेही निवांत. (तिकडे राँग साइडने कापसाची ट्रॉली येते का रे?) गाडी बिचारी ‘हात ठेवा’ म्हणून टुंग-टुंग करत होती. मुकटीजवळ ट्रॉली आलीच. भाच्याने ब्रेक मारायच्या आधी आप्पांचा पाय माझ्या सीटला लागला.