तांबे शाबूत, सायलेन्सर गायब

नाशिकमध्ये ऑटो इलेक्ट्रिकचे काम करताना अलार्मच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्या बहुतेक दोनच प्रकारच्या असतात. अलार्म विनाकारण वाजतो, किंवा अलार्म बसवल्यापासून बॅटरी उतरते. अलार्म उत्तम बसवलेला आहे, तो चोख चालतो, बॅटरीही ठणठणीत आहे आणि तरीही गाडीचा सायलेन्सर चोरीला गेला, अशी तक्रार घेऊन गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. त्या प्रकरणाचा मी अजूनही अधूनमधून विचार करतो.

हे काका नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून, टूलरूममधून निवृत्त झालेले. आता स्वतःची मारुती ईको घेऊन दिंडोरी-निफाडच्या गावांत फिरतात आणि शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. गाडीत मागे बेअरिंगचे पुलर, वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासायचा मेगर, हत्यारांच्या पेट्या आणि वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेची बंडले कायम भरलेली असतात. तांब्याचा भाव चोरांना आपल्यापेक्षा आधी कळतो, म्हणून त्यांनी बाजारातून अलार्मचे किट आणले आणि कोणाच्याही दुकानात न जाता घरच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवले.

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाने स्वतः केलेले वायरिंग म्हटले की मन आधीच खट्टू होते. वायरचे कव्हर दातांनी सोलायचे, दोन तारांना पीळ मारायचा, वर काळी टेप गुंडाळायची, की झाला जॉइंट. ती टेप नाशिकच्या उन्हाळ्यात डॅशबोर्डमागे वितळून डिंकासारखी चिकट होते आणि सुटते, आणि मग इंडिकेटर लावला की सायरन वाजतो, असे प्रकार सुरू होतात. पण खरे सांगायचे तर यात गिऱ्हाइकापेक्षा आमची माणसे जास्त दोषी आहेत. अलार्म बसवून देणारी कित्येक दुकाने अर्ध्या-पाऊण तासात गाडी मोकळी करतात, आणि तेवढ्या वेळात पीळ आणि टेप यांपलीकडे काही होऊच शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद पाडणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, अनेक जण थेट इग्निशनच्या किंवा पेट्रोल पंपाच्या वायरीत घालतात. तो स्वस्तातला रिले घाटात, चालत्या गाडीत दगावला, तर गाडी आहे त्या जागी बंद पडते. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हे कोण सांगणार?

काकांच्या गाडीचा डॅशबोर्डखालचा भाग उघडल्यावर मी काही वेळ नुसता पाहत बसलो. प्रत्येक जॉइंट सोल्डर केलेला, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि शेजारी कागदाची चिठ्ठी पारदर्शक टेपखाली डकवून वायर कशाची आहे ते सुवाच्य अक्षरांत लिहिलेले. कायमच्या बारा व्होल्टच्या लाल वायरीला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. अर्थसाठी, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या गाडीच्या पत्र्याशी जोडणीसाठी, बोल्टखालचा रंग खरवडून, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून, वरून ग्रीस. इंजिन कटचा रिले त्यांनी स्टार्टरच्या वायरीत घातला होता आणि तोही 30 आणि 87-ए या, रिलेला करंट नसताना एकमेकांना जोडलेल्या संपर्कांवर, म्हणजे रिले मेला तरी वायर जोडलेलीच राहते आणि गाडी सुरू होते. चालत्या गाडीवर तर त्याचा काहीच परिणाम नाही. सायरन पुढच्या छोट्या बॉनेटखाली, तोंड जमिनीकडे करून, म्हणजे पावसाचे पाणी आत साचणार नाही. मागच्या दाराला स्वतंत्र पिन स्विच. मी निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर मध्ये लावला, दारे बंद केली, थोडा वेळ थांबलो. अलार्म लावलेल्या स्थितीत संपूर्ण गाडीचा करंट 25 मिलिअँपियरच्या आत होता. बऱ्याच शोरूमच्या गाड्यांत यापेक्षा जास्त सापडतो.

एवढा बंदोबस्त असताना एका सकाळी काकांनी स्टार्टर मारला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी गरजली. खाली वाकून पाहतात तर सायलेन्सर नाही. आतले तांबे, हत्यारे, सगळे जागच्या जागी होते. सायरन रात्रभर एकदाही वाजला नव्हता.

ईकोचा सायलेन्सर का चोरतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यात धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. ती जाळी कुटून निघालेली भुकटी भंगारच्या बाजारात ‘माती’ म्हणून विकली जाते आणि तिला चांगला भाव येतो. 2021 च्या सुमारास या धातूंचे भाव आकाशाला भिडले, तेव्हापासून महाराष्ट्रात, गुजरातमध्ये, दिल्लीकडे अशा चोऱ्यांच्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या सतत येत राहिल्या. ईकोच चोरांच्या आवडीची, कारण तिच्या पोटाखाली सहज सरकता येते आणि बोल्ट समोरच असतात. पकडले जातात ते पाना फिरवणारे. माती विकत घेणाऱ्यापर्यंत तपास क्वचितच पोहोचतो, असे माझे मत आहे.

काकांनी पोलिसांत तक्रार दिली, पंचनामा झाला, नवा सायलेन्सर बसवला आणि मग ते माझ्याकडे आले. त्यांचा प्रश्न एकच होता: “माझ्या कामात चूक कुठे आहे, तेवढी दाखवा.” त्यांचा स्वतःचा संशय हादरा ओळखणाऱ्या शॉक सेन्सरवर होता. सोसायटीत त्यांचा अलार्म मांजराच्या उडीने, फटाक्याने, पहाटेच्या दूधवाल्याच्या टेम्पोने वाजत असे. सेक्रेटरींनी दोनदा लेखी पत्र दिले, त्यात ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ अधोरेखित केलेली. शेवटी काकांनी सेन्सरवरचा बारीक स्क्रू फिरवून संवेदनशीलता कमी केली होती. ती कमी केली नसती तर सायरन वाजला असता आणि सायलेन्सर वाचला असता, ही रुखरुख त्यांना लागून राहिली होती. शेजाऱ्यांवरचा राग त्यात मिसळलेला होता, हे वेगळे सांगायला नको.

अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा मी सेन्सर पूर्ण संवेदनशीलतेवर केला आणि अलार्म लावला. टायरला पायाने हलकी ठोकर मारताच इशाऱ्याची टूं-टूं झाली, जोरात मारल्यावर सायरन. मग माझा पोरगा पाना घेऊन गाडीखाली गेला आणि त्याने सायलेन्सरच्या फ्लँजचा, म्हणजे पाइपच्या जोडाचा, एक बोल्ट सावकाश ढिला केला. सायरन गप्प. दुसरा बोल्ट ढिला केला, पाइप हाताने गदागदा हलवला, तरी गप्प. जॅकने गाडीची एक बाजू हळूहळू उचलली, तेव्हाही काही नाही. काका माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

कारण एकदा लक्षात आले की इतके सरळ आहे की आजवर मी पाहिलेल्या कोणत्याही किटच्या माहितीपत्रकात ते का छापलेले नाही, याचा राग येतो. शॉक सेन्सर म्हणजे आत एक पायझो चकती. पत्र्याला बसलेला अचानक हादरा तिला कळतो, संथ हालचाल कळत नाही. आणि सायलेन्सर पत्र्याला घट्ट जोडलेला नसतोच. तो एका टोकाला इंजिनच्या मॅनिफोल्डला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, जोडलेला असतो आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. दुसऱ्या टोकाला तो रबरी हँगरांवर लटकतो. इंजिनाची थरथर आत बसलेल्या माणसाला जाणवू नये, यासाठीच ही सगळी रबरे असतात. म्हणजे सायलेन्सरचा हादरा केबिनपर्यंत पोहोचू नये, अशी तजवीज कारखान्यातच झालेली, आणि त्याच केबिनमध्ये आपण सायलेन्सरचा राखणदार बसवतो. स्क्रू कुठेही फिरवला असता तरी फरक पडला नसता. काकांची रुखरुख त्या दुपारी गेली; सेक्रेटरींवरचा राग मात्र त्यांनी ठेवला.

मी नेहमीचे उपाय सांगितले. एक म्हणजे खालून लोखंडी जाळीचा गार्ड. तो सायलेन्सरच्या बाबतीत उपयोगी असतो, पण चोराने कटर आणला असेल तर फक्त वेळ वाढतो. दुसरा उपाय बोल्टांना वेल्डिंगचा टाका. तो मला आवडत नाही, कारण पुढे गॅस्केट बदलायची वेळ येते तेव्हा शिव्या मेकॅनिक देतो. तिसरा म्हणजे गाडी तिरकी झाल्यावर वाजणारा टिल्ट सेन्सर, पण चोराला जॅकच लागत नसेल तर त्याचाही उपयोग नाही.

काका दोन दिवसांनी एका कागदावर आकृती काढून घेऊन आले. त्यांचे म्हणणे असे की, सायलेन्सर स्वतःच धातूचा आहे; तो मॅनिफोल्डला जोडलेला असेपर्यंत इंजिनमधून त्याला अर्थ मिळतो, आणि फ्लँज सुटला की तो फक्त रबरावर लटकतो, म्हणजे अर्थ तुटतो. ज्या रबराने आपल्याला फसवले, तेच वापरायचे. सायलेन्सरला एक वायर लावायची आणि तिचा अर्थ गेला की सायरन वाजवायचा.

माझी पहिली सूचना रिलेची होती, ती त्यांनी लगेच खोडली. कायम ओढलेला रिले शे-दीडशे मिलिअँपियर खात राहील आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी बसेल. त्याऐवजी त्यांनी बीसी 547 हा काही रुपयांत मिळणारा ट्रान्झिस्टर घेतला. त्याच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, कायमच्या बारा व्होल्टवरून दहा किलोओहमचा रेझिस्टर, आणि तोच बिंदू वायरीने सायलेन्सरला. सायलेन्सर जागेवर असेपर्यंत बेस अर्थवर दाबलेला राहतो. सुटला की ट्रान्झिस्टर चालू होतो आणि सायरन सुरू करणारी अलार्मची ट्रिगर वायर अर्थकडे ओढतो. खर्च सव्वा मिलिअँपियरच्या आसपास. यापेक्षा मोठा रेझिस्टर लावून तोही वाचवता आला असता, पण पावसाळ्यात हँगरवर चिखल साचला तर ओल्या चिखलातून थोडा अर्थ मिळत राहील आणि ट्रान्झिस्टर फसेल, हा विचार त्यांनी आधीच केलेला होता. ही वायर दाराच्या ट्रिगरला जोडायची नाही एवढी भर मात्र माझी. दाराच्या वायरीवर केबिनचा दिवाही असतो आणि त्याचा करंट त्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरला जाळून टाकील. म्हणून अलार्मचे बॉनेट स्विचसाठीचे रिकामे इनपुट वापरले.

वायर लावायची जागा ठरवायला बराच वेळ गेला. पुढच्या बाजूला पाइप लाल होण्याइतका तापतो, तिथे कोणतेही कव्हर टिकत नाही. म्हणून अगदी मागच्या टोकाला, हँगरच्या कडीपाशी थिंबल लावले आणि वायरीवर काचतंतूची स्लीव्ह चढवली. यात दुसराही फायदा झाला: मधला कोणताही जोड सुटला तरी मागचे टोक इंजिनपासून तुटतेच. पाइपवरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीतून चोरून अर्थ मिळत नाही ना, हेही फ्लँज उघडून मीटरने पाहिले. मीटरने काहीच दाखवले नाही, म्हणजे हवे होते ते. मग शॉक सेन्सर पुन्हा सोसायटीला मानवेल इतका मंद केला, अलार्म लावला आणि पोराला खाली पाठवले. बोल्ट निघेपर्यंत शांतता होती. पाइप फ्लँजपासून बोटभर खाली आला आणि सायरन असा वाजला की शेजारच्या पंक्चरवाल्याने कानांवर हात ठेवले.

आमच्यात एका मुद्द्यावर अजून एकमत झालेले नाही. माझे म्हणणे असे की ज्या सोसायटीला हा सायरन मांजरामुळे वाजतो अशी सवय झाली आहे, तिथे तो खऱ्या वेळी वाजला तरी कोणी उठणार नाही. त्यापेक्षा सिमकार्डचे मॉड्यूल लावून काकांच्या मोबाइलवर गुपचूप कॉल जावा. काका म्हणतात, “रात्री तीनला मला कॉल आला तर मी या वयात पाना घेऊन एकटा खाली जाऊ का? चोर दचकून पळाला पाहिजे, मला त्याला भेटायचे नाही.” मी दोन्ही लावू म्हटले, तर त्यांनी आधी त्या मॉड्यूलचा रात्रभराचा करंट मोजून आणा, असे सांगितले आहे. मॉड्यूल मागवले आहे, ते अजून यायचे आहे.