जालिया की ग़ालिया: गनीझाचा कागद वाचताना

आपल्याकडे जातपडताळणीचं काम निघालं की कोतवाल बुकातली मोडी नोंद घेऊन माणसं वाचणाराच्या दारी बसतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, शब्द तुटत नाहीत. मागचापुढचा मजकूर पाहून अर्थ लावायचा. इजिप्तमधल्या कैरोच्या ज्यूंचा जुना कागदही असाच वाचतात.

जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझरा हे ज्यूंचं प्रार्थनागृह. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून तो कोठीत टाकत. आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो ना, तसंच. ही कोठी म्हणजे गनीझा. पत्रं, हिशेब, करार, सगळं तिच्यात पडलं. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी त्यातलं बरंचसं केंब्रिजला नेलं. तिथं आज सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

भाषा अरबी, लिपी हिब्रू, आणि हिशेबात आकडे कित्येकदा कॉप्टांचे, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांचे. रिद्धपूरची आठवण असलेला वाचक लगेच म्हणेल, ही महानुभावांच्या सकळ लिपीसारखी गुप्त लिपी. तसं नाही. पोरगं तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचण्यासाठी आधी हिब्रू अक्षरं गिरवायचं, मग बोलीही त्याच अक्षरांत लिहायचं. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

घोळ होतो तो अक्षरांचा. अरबी अक्षरं २८, हिब्रू २२. उरलेल्या सहांसाठी जवळच्या अक्षरावर टिंब देतात, पण घाईत टिंब द्यायचं राहून जातं. गिमेल हे अक्षर ज साठीही आणि ग़ साठीही. टिंब कोणावर द्यायचं ते लेखकागणिक बदलतं. त्यामुळे ‘जालिया’ आणि ‘ग़ालिया’ एकसारखेच दिसतात. ग़ालिया म्हणजे महाग. जालिया म्हणजे बिगर-मुस्लिमांवरचा डोईपट्टीचा कर, आपल्याला औरंगजेबाच्या १६७९ मुळे माहीत असलेला जिझिया.

हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरेत दर वर्षाला १२, २४, ४८ दिरहम (चांदीची नाणी): गरीब, मध्यम, श्रीमंत. बायका-मुलांना माफी. फुस्तातच्या कागदांतही गरिबाची सुटका नाही. बेताच्या घराचा महिना दोनेक दिनारांत (सोन्याची नाणी) निघायचा, आणि कर थकला तर कोठडी. भरल्याची पावती ‘बराअत’; परगावी ती जवळ नसली तर माणूस अडकला. म्हणून करासाठी मदत मागणारी पत्रं ढिगानं सापडतात.

तारखेतही फसगत आहे. सन बहुधा सेल्युकी, म्हणजे इ.स.पू. ३१२ पासून मोजलेला, शरद ऋतूत सुरू होणारा. १४२७ म्हणजे इ.स. १११५-१६: वर्षाच्या पहिल्या महिन्यांत ३१२ वजा करायचे, जानेवारीपासून ३११. शकात ७८ मिळवताना जानेवारी लागला की ७९ करतो, तशातलंच.

मग जालिया की ग़ालिया? शेजारी बराअत, कोठडी, हप्ता दिसला तर कर. गहू किंवा जवसाच्या धाग्याचा भाव असेल तर महाग. काहीच नसेल तर त्याच हाताची दुसरी ओळ शोधा आणि तिथं ज वर टिंब आहे का, ते बघा.